मगरीचे डोळे

आषाढ लागला की आमच्याच घरात आम्ही पाहुणे व्हायचो. नाहूरच्या त्या बैठ्या घराच्या पुढच्या दोन्ही खोल्या शाडूच्या गणपतींनी भरून जायच्या आणि आई, बाबा, मी, माझा धाकटा भाऊ असे सगळे मागच्या स्वयंपाकघरात सरकायचो. झोपायचं तिथंच, अभ्यास तिथंच, भांडणंही तिथंच. रात्री बाहेर जायला उठलं की कुणाच्या तरी सोंडेला धक्का लागणार आणि पुढच्या खोलीतून आप्पांचा आवाज येणार, "कोण ता? हळू चल!" आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कोकणात आजोबांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा होती, तीच त्यांनी मुंबईत आणली. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात पाळीवर जायचे आणि मातीची धूळ नाकात गेली की एका दमात सहा-सात वेळा शिंकायचे. त्यामुळे घराण्याची कला आप्पांपाशी येऊन थांबली होती.

सकाळी जाग यायची ती ओल्या मातीच्या गोळ्यावर पडणाऱ्या थापांनी. मग चाळणीचा आवाज, मग आप्पांच्या रेडिओची खरखर. शाडूला एक थंड, विहिरीसारखा वास असतो. तो आमच्या कपड्यांना, वह्यांना आणि भाकरीलाही यायचा. पावसाळी हवेत मूर्ती वाळता वाळत नसत, म्हणून खोलीत कोळशाची शेगडी पेटलेली असायची आणि आम्ही भावंडं तिच्यावर चोरून पापड भाजायचो. मूर्तीच्या अंगाला चिकटलेला पापडाचा कण आप्पांना एकदा सापडला होता. त्यांनी तो उचलून नुसता माझ्या तळहातावर ठेवला. मला अजून तो तळहात आठवला की लाज वाटते आणि हसूही येतं.

त्या घरात मला जवळजवळ सगळं करायला मिळायचं. माती चाळणं, मळणं, साच्यातून उंदीर काढणं, वाळलेल्या मूर्तीवरून ओलं फडकं फिरवणं. सहावीपर्यंत मी पितांबर रंगवायला लागले होते, सातवीत दागिने. पण डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी फक्त आप्पा करायचे. सकाळी आंघोळ करून, दाराकडे तोंड करून, अगदी बारीक ब्रशाने. त्या वेळी घरात मोठ्याने बोलायचं नाही. आखणीच्या दिवसांत घरात मासळी शिजवायची नाही. मुलींनी तर तो ब्रश हातातसुद्धा धरायचा नाही. का, ते कुणीच सांगत नसे. मी विचारलं की आप्पा म्हणायचे, "डोळे म्हणजे काय खेळ वाटलो तुका?" आणि मला जगात दुसरं काही नको होतं. पितांबर कितीही सुंदर रंगवा, माणसं मूर्तीच्या डोळ्यांकडे बघतात. मला ते कळत होतं, म्हणून मी मनातल्या मनात सारखी डोळेच काढत बसायचे, वहीच्या कोपऱ्यात, पाटीवर, पोळपाटाच्या पिठात.

कांबळे सर आमच्या शाळेत त्याच वर्षी आले. लातूरकडचे होते, तरुण होते आणि विज्ञान शिकवायचे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा धडा आला तेव्हा आम्ही सवयीने तक्त्यांसाठी कार्डशीट आणायला निघालो, तर सर म्हणाले, "तक्ते नकोत. प्राणी तयार करा, आणि तो राहतो ते घर तयार करा. घराशिवाय प्राणी समजत नाही." वर्गाचे गट पाडले. कुणाला कासव, कुणाला घोरपड, कुणाला धामण. मला आणि हेमाला मगर आली. हेमा माझ्या बाकावर बसायची, तिच्या तोंडाला दिवसभर विश्रांती नसायची. मुख्याध्यापिका बाईंना हा सगळा चिखल पसंत नव्हता, पण त्यांनी एक अट घालून परवानगी दिली. महिनाअखेरीला शाळेचं प्रदर्शन होतं, बाहेरच्या शाळेतून परीक्षक येणार होत्या. त्यांनी आमच्या वर्गाचा कोपरा निवडला तर सरांनी मुलांना पवईच्या तलावावर खरी मगर दाखवायला न्यावं. नाही निवडला, तर पुन्हा तक्ते. आम्ही राहत होतो तिथून पवई हाकेच्या अंतरावर, पण आमच्यातल्या एकानेही मगर पाहिली नव्हती.

आता परवाच, इतक्या वर्षांनी, आमच्या सोसायटीतल्या एक बाई नातवाला आणि त्याचा असाच प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे आल्या. प्रोजेक्टचं सामान कुरियरने आलं होतं. डब्यात प्लास्टिकचे साप-सरडे, हिरवा कागद, गोंदाची नळी आणि कुठं काय चिकटवायचं त्याचं चित्र. "तुमच्याकडे जरा मोकळी जागा आहे ना, म्हणून आलो," त्या म्हणाल्या. नातवाने डबा तसाच ठेवला आणि तो माझ्या शाडू भिजवायच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून बसला. आजी ओरडत होत्या, मी बघत होते. मला फार बरं वाटलं.

तर आमची मगर. हेमाने घरून एक जुना पाट आणला, कारण आमच्याकडचे सगळे पाट गिऱ्हाइकांचे. ज्याने जो पाट आणून दिला, त्यावर त्याचाच गणपती, हा नियम. मगरीलाही स्वतःचा पाट हवा, असं आप्पांनीच गंभीर चेहऱ्याने सांगितलं. त्यांनी आम्हाला उरलेला शाडू दिला आणि येता-जाता "जरा सरक" म्हणून स्वतःच हात लावायला सुरुवात केली. परिणाम असा झाला की मगरीचं पोट चांगलं गोल आलं. हेमा म्हणाली, "नंदे, ही मोदक खाल्लेली मगर आहे." कातडीचे खवले कसे काढायचे हा प्रश्न आईने सोडवला. तिने भाजीतलं एक कारलं उभं चिरून दिलं. ओल्या मातीवर ते दाबत गेलं की असे झकास खवले उठायचे की आम्ही दोघींनी मगर तर सोडाच, पाटाच्या कडासुद्धा खवल्यांच्या केल्या. तलावाचा काठ केला, लव्हाळी लावली, वाळूत खड्डा करून त्यात अंडी ठेवली. मगर पाण्यात राहते पण अंडी घालायला काठावर येते, हे सरांनी पुनःपुन्हा सांगितलं होतं.

रंग झाला. डोळ्यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. मी आप्पांपाशी गेले आणि धीर करून म्हटलं, "आप्पा, मगरीचे मी काढू? ती काही देव नाही."

आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ह्या घरातसून बाहेर जाता ता माझ्या हातचा जाता," ते म्हणाले. "मी काढतंय. उद्या सकाळी."

मला रडू आलं. पण घरात त्याहून मोठं संकट उभं राहिलं होतं. आखणी एरवी श्रावणात यायची, तेव्हा मासळी तशीही बंद असते. हा होता आषाढ. आईने फळीवर सुके बोंबील राखून ठेवले होते आणि श्रावण तोंडावर आल्यामुळे ती रोज त्यांचा हिशेब लावत होती. आता मगरीच्या डोळ्यांसाठी घरात मासळी बंद करायची की नाही? आई आप्पांशी कधी थेट बोलायची नाही, थोरल्या दिराशी बोलायची पद्धत नव्हती. ती चुलीवरच्या पातेल्याशी बोलायची, आणि आप्पा बरोबर ऐकायचे. "ती मगर जल्मभर मासे गिळता," ती पातेल्याला म्हणाली, "आणि तिच्या डोळ्यांसाठी आमी वरणभात खावचो?" पुढच्या खोलीतून आप्पा म्हणाले, "आखणी ती आखणी." दोन दिवस आम्ही वरणभात खाल्ला. बाबा कारखान्यात डबा उघडायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, "कोण आजारी आहे का?"

आप्पांनी डोळे आखले आणि आम्ही ती मगर हातगाडीवरून शाळेत नेली. झाकलेलं फडकं काढलं आणि वर्ग भोवती गोळा झाला. आप्पांचा हात इतकी वर्षं एकाच चेहऱ्यावर चाललेला. त्यांनी मगरीला गणपतीचे डोळे दिले होते. जराशा मिटल्यासारख्या पापण्या, काळंभोर गोल बुबुळ, त्यात पांढरा ठिपका, कडेला लालसर रेघ आणि वर कमानदार भुवया. ती मगर लव्हाळ्यातून आमच्याकडे अशी मायेनं बघत होती की आता विचारेल, बाळांनो, जेवलात का. मागच्या बाकावरच्या एका मुलाने चक्क हात जोडले. मधल्या सुट्टीत पाणी भरणाऱ्या मावशी आल्या, त्यांनी एकदा बघितलं आणि बाहेरच्या झाडाचं जास्वंदीचं फूल आणून तिच्या डोक्यावर ठेवलं.

कांबळे सर आले. त्यांनी फूल पाहिलं, डोळे पाहिले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हसू आवरल्यावर त्यांनी मला बोलावलं. "नंदा, काम फार सुंदर आहे. पण मगरीचा डोळा असा नसतो." त्यांनी पुस्तकातलं चित्र दाखवलं. पिवळट डोळा, त्यात मांजरासारखी उभी काळी चीर. "सगळं अंग पाण्याखाली ठेवून नुसते डोळे वर काढते ती. तिचं घर तिच्या डोळ्यात दिसतं. परीक्षक बाई पहिल्यांदा हेच विचारणार."

"नंदे, वाट लागली ना यार," हेमा म्हणाली. "पुसून टाकूया?"

पुसायचं कसं? आप्पांचा सगळ्यात मोठा नियम तोच होता. मूर्ती तडकली तर विसर्जन करायचं, पण एकदा उघडलेले डोळे पुसायचे नाहीत. मी सरांना ते सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, नाहीतर मला अंधश्रद्धेवर भाषण ऐकावं लागेल. सर म्हणाले, "मग मला तुमच्या आप्पांना भेटायला हवं."

संध्याकाळी ते घरी आले. हेमा आणि मी मगर परत आणली होतीच. सर गणपतींच्या रांगांमधून चपला हातात धरून, अंग चोरत आत आले आणि आप्पांसमोर जमिनीवर बसले. आप्पांनी त्यांना नीट न्याहाळलं.

"तुमच्याकडे गणपती बसता काय, मास्तर?"

"नाही. आम्ही बौद्ध. आमच्याकडे नसतो."

"मगे तुमका ह्या कळाचा नाय."

"नाही कळत," सर म्हणाले. "म्हणून विचारायला आलोय."

आप्पांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी आईला, म्हणजे पातेल्याला, चहा टाकायला सांगितला. सरांनी पुस्तक उघडून समोर धरलं. आप्पांनी चष्मा वर-खाली करत मगरीचा डोळा पाहिला आणि पुस्तक लांब सारलं. "ह्या डोळ्यात माया नाय."

"डोळ्यात नसेल," सर म्हणाले. "पण अंडी फुटायची वेळ झाली की पिल्लं आतून आवाज देतात. मगरीण वाळू उकरते, एकेका पिल्लाला जबड्यात धरते आणि पाण्यात नेऊन सोडते."

"तोंडात?" आप्पा पुढे झुकले. "त्याच दातांत?"

"त्याच दातांत."

"आणि चावणा नाय?"

"नाही चावत."

आप्पा कितीतरी वेळ आमच्या मगरीकडे बघत राहिले. चहा निवला. मग त्यांनी ओल्या शाडूचा चिमूटभर गोळा उचलला, बोटांत चपटा केला आणि मगरीच्या एका डोळ्यावर पापणीसारखा अलगद बसवला. मग दुसऱ्यावर. "पुसूचे नाय म्हटलंय," ते म्हणाले. "मिटूचे नाय, असा खय म्हटलंय? उन्हात निजली ती."

सर टाळी द्यायला पुढे झाले आणि मध्येच थांबले. "मगर ऊन खाताना तोंड उघडं ठेवते, काका." आप्पांनी ओलं फडकं गुंडाळून जबडा भिजवला, सुरीने चीर पाडली आणि तो थोडा उघडला. "तोंडात पिल्लू ठेवूया," हेमा ओरडली. "अंड्यांतूनपण बाहेर येताना दाखवूया." पिल्लं बोटभर असणार, शेगडीपाशी रात्रीत वाळली असती. सगळे भराभर बोलायला लागले, आणि मग सरांनी विचारलं, "पिल्लांचे डोळे तर उघडे लागतील. ते कोण काढणार?"

आप्पांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "ह्या हाताक एकच डोळो ठावक आसा," ते म्हणाले. "मी काढलंय तर तोच येतलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिका काढूं दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून दाराकडे तोंड करून बसले. आईने पातेलंसुद्धा वाजू दिलं नाही. तो बारीक ब्रश माझ्या हातात होता, आणि पहिल्या पिल्लाचा डोळा मगरीऐवजी वटवाघळाचा झाला. मग मी पुस्तक मांडीवर घेतलं, एकदा चित्राकडे, एकदा पिल्लाकडे, असं करत गेले. पिवळा ठिपका, तो वाळला की मधोमध काळी उभी रेघ. केसाएवढी. ती रेघ बसली आणि ते मातीचं बोटभर पिल्लू माझ्याकडे बघायला लागलं. आनंद म्हणतात तो मला त्या सकाळी पहिल्यांदा कळला, असं मी आज साठी उलटल्यावरही म्हणेन.

प्रदर्शनात परीक्षक बाई आमच्या कोपऱ्यापाशी आल्या, वाकल्या, डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या. "ह्या पिल्लांची नजर मला सोडत नाहीये," त्या म्हणाल्या. मगर का झोपली आहे, तोंड का उघडं आहे, पिल्लू आत का आहे, सगळं त्यांनी विचारलं, आणि हेमाने त्यांनी न विचारलेलंही सांगितलं. आमचा कोपरा निवडला गेला. मुख्याध्यापिका बाईंनी नाक मुरडून परवानगीच्या कागदावर सही केली.

पवईला जायच्या दिवशी सकाळी आप्पा पांढरा सदरा घालून दारात उभे राहिले. ऐन कामाच्या दिवसांत आप्पा घराबाहेर पडतात हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "मास्तरांनी बोलावल्यानी," एवढंच ते म्हणाले. श्रावणातलं ऊन पडलं होतं. तलावाच्या काठावर आम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली, आणि समोरच्या खडकावर ती होती. आधी सगळ्यांना ओंडका वाटली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, अगदी आप्पांनी निजवली होती तशी. सरांकडे एकच दुर्बीण होती. रांग लागली. प्रत्येक जण बघायचा आणि सांगायचा, झोपलीय. शेवटी दुर्बीण आप्पांकडे आली. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि खाली घेतलीच नाही. मागून मुलं कुरकुरायला लागली. सरांनी त्यांना गप्प केलं.

"उघडल्यान," आप्पा एकदम म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नंदा, तू काढलंस तसोच आसा गो."

मग त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. मी बघितलं तोवर मगर पाण्यात शिरली होती आणि पाण्यावर फक्त दोन उंचवटे उरले होते. घरी येताना वाटेत ते एकदाच, स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "तू बघून काढतंस. मी आठवून काढतंय. बापाशीन दाखवलेल्यान, तो आठवता तितको."

गणपतीला थोडेच दिवस राहिले होते. पुढच्या खोलीत रंगून झालेल्या मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी रांगेत बसल्या होत्या. आप्पा सकाळी आंघोळ करून आले, त्यांनी एक मध्यम मूर्ती उचलली आणि दाराशी, उजेडात, माझ्यासमोर ठेवली. ती आमच्या घरची होती, गिऱ्हाइकाची नव्हती. ब्रश त्यांनी वाटीवर आडवा ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच पातेल्याशी न बोलता थेट म्हणाली, "भावोजी, ती मुलगी आसा."

"माका दिसता ता," आप्पा म्हणाले.

मी ब्रश उचलला. पण मला काही सुचत नव्हतं. पिल्लांच्या वेळी मांडीवर पुस्तक होतं. आता समोर कोरी माती होती. "आप्पा," मी म्हटलं, "कोणाकडे बघून काढू?"

आप्पांनी मूर्तीच्या शेजारी बैठक मारली, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि चेहरा उजेडाकडे केला. "माझ्याकडे बघ."

मी त्यांच्या डोळ्यांकडे इतकं नीट कधी पाहिलंच नव्हतं. पापण्या सुजल्यासारख्या होत्या, उजवी डावीपेक्षा किंचित खाली. पांढऱ्यात रात्रीच्या कामाचे लाल धागे होते. आणि त्यांत भीती होती. माझ्या हातून बिघडेल याची, का माझ्या हातून जमेल याची, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. माझ्या गणपतींच्या डोळ्यांविषयी लोक अजून म्हणतात की गणपती कामावरून दमून घरी आलेल्या मोठ्या माणसासारखा दिसतो. मोबाईलवर फोटो पाठवून मागतात, हेच डोळे हवेत म्हणून. मी कुणाला काही सांगत नाही.

मी ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिचकावले.

"आप्पा, पापणी हलवू नका."

"बरा," आप्पा म्हणाले, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले.